मावशीला कोणी विचारलंच नाही

चार वर्षांपूर्वीचा एक रविवार. सांगलीला मावशीच्या घरी बैठक बसली होती. काका, दोन्ही मामा, मावसभाऊ आणि 'शिकलेला' म्हणून मुद्दाम पुण्याहून बोलावलेला मी. विषय: मावशीच्या स्तनातली दोन सेंटिमीटरची गाठ. कॅन्सर आहे हे बायॉप्सीत कळलं होतं. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले होते. फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून मग रेडिएशन द्यायचं, किंवा अख्खा स्तन काढायचा.

दहा मिनिटांत ठराव पास. "काढूनच टाकू, उगाच रिस्क नको." "रेडिएशनला रोज कोण नेणार?" आणि एक वाक्य, जे मला अजून टोचतं: "आता या वयात काय फरक पडतो?" मावशी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती आणि आत चहा टाकत होती. मीही मान डोलावली.

ऑपरेशन नीट झालं, मावशी आज ठणठणीत आहे. मग तक्रार कसली? गेल्या दिवाळीत फराळाची ताटं भरताना तिने सहज विचारलं, "दुसरं पण करता आलं असतं ना रे?" मला उत्तर देता येईना.

मग उशिरा शहाणपण सुचलं आणि मी वाचत बसलो. ऑफिसात एखादा डेटाबेस निवडायचा असला तरी आम्ही आठवडाभर तुलनेचे तक्ते करतो. इथे दहा मिनिटं!

'जास्त कापलं की जास्त सुरक्षित' हा समज काही आमच्या घरात जन्मला नाही. अमेरिकेतले सर्जन विल्यम हॉल्स्टेड स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढत. १८९४ साली त्यांनी आपले निकाल छापले आणि पुढे कित्येक दशकं बायकांवर अशीच ऑपरेशनं होत राहिली. या समजाची नीट परीक्षा घेतली ती दोघांनी. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून. कोणत्या बाईचा पूर्ण स्तन काढायचा आणि कोणाची फक्त गाठ, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दोघांचे निकाल २००२ मध्ये छापून आले. जगण्या-मरण्यात फरक नाही!

फुकट काहीच नसतं, हेही खरं. मिलानमध्ये स्तन वाचवलेल्यांपैकी ८.८ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. पूर्ण स्तन काढलेल्यांमध्ये त्याच जागी कॅन्सर परतला २.३ टक्के जणींना. आणि रेडिएशन टाळून चालत नाही. फिशर यांच्या अभ्यासात नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींना ती परत आली, रेडिएशन घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के. पण 'रोज कोण नेणार' याचं उत्तरही आता बदललंय. पूर्वी पाच-पाच आठवडे खेटे घालावे लागत, मग ते तीनवर आले. २०२० साली ब्रिटनमधल्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने दाखवलं की सुरुवातीच्या टप्प्यातल्या बऱ्याच जणींना एका आठवड्यातले पाच डोस पुरतात. म्हणजे आमच्या बैठकीच्या आधीच हे छापून आलं होतं. 'शिकलेल्या'ने वाचलं नव्हतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट. पुढे काय होणार हे कापण्यापेक्षा बऱ्याचदा गाठीच्या जातीवर ठरतं. ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्यांवरून कळतं की हार्मोनची गोळी (पाच ते दहा वर्षं) चालेल का, ट्रॅस्टुझुमॅबसारखं औषध लागेल का. काही वेळा केमो आधी देऊन गाठ लहान करता येते आणि मग स्तन वाचतो. आमच्या बैठकीत या रिपोर्टचं नावही निघालं नाही. सगळी चर्चा किती कापायचं यावरच.

आता कोणी म्हणेल, पूर्ण काढणं चूकच का? अजिबात नाही. स्तनात अनेक ठिकाणी गाठी असतील, रेडिएशन देता येत नसेल, बीआरसीए जनुकाचा दोष असेल तर तोच सल्ला मिळू शकतो. काही बायका सगळं समजून-उमजून तेच निवडतात, कारण त्यांना रोजची धाकधूक नको असते. मावशीनेही कदाचित तेच निवडलं असतं. पण मग तो निर्णय तिचा असता.

आपण मात्र 'तिला टेन्शन नको' म्हणून तिच्याच शरीराचा निर्णय हॉलमध्ये बसून घेतो आणि त्याला काळजी म्हणतो. काळजी खरीच होती हो, काका रात्रभर झोपले नव्हते. तरीपण.

उद्या तुमच्या घरात अशी बैठक बसली तर घाई करू नका. विचाराला थोडे दिवस घेतले तर चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारा, बहुतेक वेळा चालतं. तीन तपासण्यांचा रिपोर्ट मागा. स्तन वाचवता येईल का, नसेल तर का नाही, हे तिच्यासमोर विचारा. आणि चहा दुसऱ्या कोणीतरी टाका. तिला बाहेर बसू दे.