धीर मिळणे हाही हक्कच

भूकंप, महापूर अशी आपत्ती ओढवली म्हणजे सरकार आणि समाज धान्य, कपडे व ताडपत्र्या घेऊन धावतात. हे योग्यच होय. परंतु ज्याची माणसे व घरदार एका रात्रीत नाहीसे झाले, त्याच्या मनाला आधार देणे मात्र अद्याप दयेचा भाग समजले जाते. वस्तुतः तो हक्काचा प्रश्न आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. मागे राहिलेल्यांना पुढे घरे मिळाली. पण घर उभे राहिले म्हणजे माणूस उभा राहिला, असे होत नाही.

मानसिक प्रथमोपचार म्हणजे औषधोपचार नव्हे, उपदेशही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत त्याची तीन सूत्रे आहेत : पाहणे, ऐकणे व जोडून देणे. कोणाला तातडीची गरज आहे हे पाहावे. तो बोलेल तेवढे ऐकावे, घडलेले सांगण्याची सक्ती करू नये. आणि नातलगांशी, दवाखान्याशी, मदतकेंद्राशी त्याची गाठ घालून द्यावी. यास वैद्यकाची पदवी लागत नाही. शिक्षक व तरुण कार्यकर्ते थोड्या प्रशिक्षणाने हे करू शकतात.

कायदा काय म्हणतो? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय मदत व स्वच्छता यांचा नामनिर्देश आहे. मानसिक आधाराचा नाही. तथापि आवश्यक त्या इतर मदतीस तेथे वाव आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. परंतु केवळ मार्गदर्शक तत्त्वांच्या बळावर दाद मागणे सामान्य नागरिकास कठीण. सबब किमान मदतीच्या यादीतच मानसिक आधाराचा स्पष्ट समावेश झाला पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित आपद्‌ग्रस्तांना मदतकार्यातही भेदभाव सोसावा लागला. पुढील वर्षीच्या या अधिनियमाचे कलम ६१ मदतीत लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेद करण्यास मनाई करते. ज्याला छावणीतही पाण्यापासून दूर ठेवले, त्याला धीराचे चार शब्द ऐकवणे ही थट्टाच होय. समतेची वागणूक हाच मनावरचा पहिला उपचार.

म्हणून बंधुभगिनींनो, जिल्हा आपत्ती योजनेत प्रशिक्षित कार्यकर्त्यांची यादी असावी व तीत आपल्या वस्त्यांतील स्त्रीपुरुषही असावेत, अशी लेखी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. आपत्ती येईपर्यंत थांबू नका.