संकल्प पुरे, सही करा

संकल्पाइतकी स्वस्त वस्तू आपल्या घरांत दुसरी नसेल. नववर्षाला संकल्प, वाढदिवसाला संकल्प, राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घेताना पुन्हा संकल्प. 'यापुढे थेंबालाही शिवणार नाही' हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही ते घर भाग्यवान म्हणायचे. असे बोलणारा माणूस खोटे बोलतो असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्या क्षणी तो बहुधा मनापासूनच बोलत असतो. माझी तक्रार आहे ती ऐकणाऱ्यांविषयी. त्याचे आईवडील, त्याचे भाऊ, शेजारी, हितचिंतक, आणि व्यासपीठावरून दारूबंदी सप्ताहाचे भाषण करणारे वक्ते या सर्वांची अशी समजूत असते की संकल्प झाला म्हणजे काम झाले, आणि तो मोडला तर दोष सर्वस्वी मोडणाऱ्याचा. 'मन बळकट कर' एवढे सांगून आपण मोकळे होतो. मन बळकट करायचे म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे, हे मात्र सांगायला कोणी थांबत नाही.

या उपदेशाला सातारा जिल्ह्यातील मेढा आणि आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांनी जे उत्तर दिले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे फार दिवस मनात होते.

वेण्णा नदीच्या काठचे मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य गाव. सारा मुलूख डोंगराळ, शेती बव्हंशी पावसाच्या भरवशाची. म्हणून येथील पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी होऊन ओझी वाहत आले आणि मागे घर, शेत, गुरे व म्हातारी माणसे सांभाळली ती बायकांनी. ज्या गावात कष्टाचा पैसा इतक्या दुरून येतो, त्या गावात दारूचे दुकान उघडले की काय होते हे अर्थशास्त्र्याला विचारण्याची गरज नाही. बंडातात्या कराडकरांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या व्यसनमुक्त युवक संघाने आणि विशेषतः विलासबाबा जवळ यांनी या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हा प्रश्न तालुक्यात लावून धरला. त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तथापि दुकाने बंद झाली ती मतपेटीतून, आणि त्या पेटीत मते टाकली ती स्त्रियांनी. राज्यातील पहिला दारूमुक्त तालुका असे नाव जावळीला मिळाले ते त्यांच्यामुळे.

ही मतपेटी काय आहे हे शहरातल्या पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते. राज्य शासनाच्या २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातील एकूण मतदारांपैकी किंवा स्त्री मतदारांपैकी चौथाई जणांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि जिल्हाधिकारी गुप्त मतदान घेण्याचा आदेश देतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. बाटली उभी म्हणजे दुकान राहू द्या, बाटली आडवी म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळावे इतका हा मामला सोपा आहे.

सोपा, पण मतदानापुरताच. मत गुप्त असते. त्याआधीची सही गुप्त नसते. अर्जावर नाव लिहिले की ते सरकारी दप्तरात जाते आणि पडताळणीच्या वेळी 'ही सही तुमचीच का' हा प्रश्न चारचौघांत विचारला जातो. दुकानाचा परवाना ज्याच्या हाती, तो गावात बहुधा वजनदार माणूस असतो. अडीअडचणीला त्याच्याकडून उसने घेतलेले असतात, त्याच्या शेतावर मजुरीला जायचे असते, त्याच्या घरचे लग्न चुकवता येत नाही. शिवाय स्वतःच्याच घरात पिणारा नवरा, दीर किंवा मुलगा असतो आणि त्या रात्री तो विचारणार असतो, 'तू पण केलीस का सही?' या प्रश्नाला 'होय' म्हणण्यासाठी जे लागते त्याला धैर्य म्हणतात. आपण चरित्रग्रंथांत जे धैर्य वाचतो ते सहसा रणांगणावरचे असते. हे चुलीपुढचे आहे आणि त्याला साक्षीदार फक्त मुले असतात.

त्यानंतरचा हिशोब तर अधिकच कठोर आहे, आणि माझ्या मते या आदेशातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट तीच. दुकान बंद व्हायचे असेल तर झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत. यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, गावच्या यादीत हजार स्त्रिया आहेत. सातशे मतदानाला आल्या, त्यांतील चारशे ऐंशी जणींनी बाटली आडवी केली. कोणत्याही निवडणुकीत एवढ्या मताधिक्याने गुलाल उधळला गेला असता. येथे मात्र त्या हरतात. त्यांना हरवते कोण? उभ्या बाटलीला पडलेली दोनशे वीस मते हरवू शकत नाहीत. त्यांना हरवतात त्या घरी बसलेल्या तीनशे बाया, ज्यांनी कोणाचेच वाईट चिंतिले नाही, कदाचित मनातून त्यांना दुकान नकोच होते, पण त्या दिवशी भांगलणीला जायचे होते, किंवा 'आपण एकट्या न गेल्याने काय अडणार आहे' असे वाटले होते. त्यांचे न गेणे दुकानदाराच्या खात्यावर जमा झाले. ही अट अन्यायाची आहे असे चळवळीतल्या माणसांना वाटते आणि ते खरेही असेल. पण आपल्या एरवीच्या आयुष्यात याहून वेगळा हिशोब चालतो असे ज्याला वाटत असेल, त्याने आपल्या कुटुंबात गप्प राहिलेल्या माणसांची आठवण करावी.

आता आक्षेपांकडे वळू. 'प्यावे की न प्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न' असे एक सभ्य मत आहे. ज्याचा त्याचा प्रश्न असता तर महिनाअखेरी किराणा दुकानाची उधारी त्याच्याच पोटाला जाणवली असती, मुलांच्या नव्हे. (महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानुसार दारू पिण्यास परवाना लागतो आणि त्यावर कारण प्रकृतिस्वास्थ्याचे असते. परवानाधारकांची प्रकृती एवढी नाजूक असेल असे लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांकडे पाहून वाटत नाही.)

दुसरा आक्षेप वजनाचा आहे. बंदीने दारू थांबत नाही, चोरवाटा फुटतात, असे सांगितले जाते. हे मी नाकारीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवताना हेच कारण पुढे करण्यात आले. पण २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हा त्या शहरात परवान्याची दुकाने काही कमी नव्हती. चोरटी दारू दुकान बंद असले तरी असते आणि उघडे असले तरी असते. फरक एवढाच, की गावात दुकान नसले तर कामावरून परतणाऱ्या माणसाच्या वाटेत ते आडवे येत नाही. ज्याने कालच संकल्प केला आहे त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा असतो.

तिसरा आक्षेप आपल्यासारख्या भाविकांचा: माणसे सुधारा, दुकाने आपोआप बंद होतील. हा ऐकायला फार गोड आहे. पण जो स्वतः पीत आहे आणि सुटू पाहत आहे, त्यालाही या गोडव्याचा उपयोग होत नाही, हे दूरच्या एका उदाहरणावरून दिसेल. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन शहरातल्या एका हॉटेलात बिल विल्सन हा माणूस उभा होता. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती, आणि ज्या कामासाठी तो परगावी आला होता ते फसले होते. एकीकडे मद्यगृह, दुसरीकडे दूरध्वनी आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने नव्याने संकल्प केला नाही. त्याने यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. आपल्यासारखाच दारूने नाडलेला एखादा माणूस त्याला बोलायला हवा होता. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि 'अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस' जन्माला आली. पुढे १९३९ मध्ये त्याच शहरातील सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशिया यांनी डॉ. स्मिथ यांचा एक रुग्ण दाखल करून घेतला. दारुड्याला खाट देण्यास त्या काळी इस्पितळे राजी नसत, म्हणून कागदावर आजार लिहिला जठराच्या दाहाचा. मनोबलावर चार शब्द सांगणे सिस्टरना अवघड नव्हते. त्यांनी खाट दिली.

आपल्या धर्मग्रामांत प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस बाटलीला न शिवणारे पुरुष पुष्कळ आहेत. ते हे करू शकतात, कारण त्या दिवसांत लग्ने नसतात, पाहुण्यापुढे पेला ठेवला जात नाही, सारा शेजार तसाच वागतो. एकेचाळिसाव्या दिवशी आपणच त्यांच्यापुढे ट्रे धरतो, आणि सायंकाळी त्यांचे मन कच्चे म्हणून हळहळतो. लग्नाच्या हॉलमधला तो कोपरा कोणाच्या पैशाने सजतो? यजमानाच्या. यजमान कोण? आपण. तेथे ना जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, ना चौथाई सह्या. वधूवरांच्या आईवडिलांच्या दोन 'नाही' पुरतात. सोयरे काय म्हणतील या भीतीपोटी तेवढ्याही मिळत नाहीत. मेढ्याकडच्या बायांनाही सोयरे होते.

ज्यांच्या गावात दुकान आहे त्यांनी मतदारयादी मागून घ्यावी. तीत स्त्रियांची नावे किती ते मोजावे आणि त्या आकड्याला चाराने भागावे. २००८ च्या आदेशाने मागणी अर्जावर तेवढ्या सह्या मागितल्या होत्या.