टपाच्या मधोमध एक भोक

२०१५च्या मॉडेलपासून फोर्डने एफ-१५० या पिकअपची बॉडी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची केली. गाडीचं वजन घटलं, इंधन वाचू लागलं. पण एक जुनी सोय मात्र गेली. लोहचुंबकाच्या बुडाची अँटेना टपावर चिकटेना. सीबी रेडिओ बसवण्याची अमेरिकेतली सर्वांत सोपी रीत तीच होती. दुकानातून चुंबकी अँटेना आणायची, टपावर ठेवायची, तिची केबल दाराच्या फटीतून आत घ्यायची आणि रेडिओला सिगरेट लायटरच्या खोबणीतून वीज द्यायची. पाच मिनिटांत काम फत्ते.

ही सोय गेली ते बरंच झालं. त्या पाच मिनिटांच्या जोडणीने कितीतरी रेडिओ मुके-बहिरे करून ठेवले आहेत. माणसं पेटीवर पैसे घालतात. जास्त दिवे, जास्त बटणं, चकचकीत माइक असं सगळं पारखून घेतात आणि अँटेना मात्र जागा मिळेल तिथे अडकवतात. मग ट्रकवाल्यांच्या चॅनेल १९वर कुणीच बोलत नाही, म्हणजे सीबी मेला, असा निकाल देतात. मोबाइल आणि नकाशांची ॲप आल्यापासून सीबीवरची वर्दळ ओसरली, हे खरंच. पण जी काही माणसं अजून बोलत आहेत, त्यांचा आवाज आपल्या गाडीपर्यंत पोहोचतो का, हे आधी तपासायला हवं.

आणि ती माणसं गमावण्यासारखी नाहीत. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी मोकळा ठेवलेला रेडिओपट्टा. त्याची कल्पना १९४५ची. वॉकी-टॉकीच्या जनकांपैकी एक असलेल्या अल ग्रॉस यांनी या सेवेसाठी संच बनवले. ते एक लाखाहून अधिक खपले, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं शेतकरी आणि तटरक्षक दल. १९५८मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल दिली आणि रेडिओ खऱ्या अर्थाने गाडीत आला. १९७३च्या अखेरीस तेलाची टंचाई आली. पाठोपाठ जानेवारी १९७४मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा लागू करणारा कायदा झाला. डिझेल कुठल्या पंपावर शिल्लक आहे, पोलीस कुठल्या पुलाआड उभे आहेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. महामार्ग पोलिसांना त्यांनी ‘स्मोकी’ नाव ठेवलं. महाराष्ट्रातला ड्रायव्हर पुढे ‘मामा’ उभे आहेत हे समोरच्याला डिपर मारून सांगतो. तिथे तेच तोंडी आणि मैलभर आधी कळायचं. १९७६मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट ममा’ या टोपणनावाने सीबीवर बोलल्या. गर्दी इतकी वाढली की १ जानेवारी १९७७पासून चॅनेल ४० करावी लागली, आणि १९८३मध्ये प्रत्येकाने स्वतंत्र परवाना काढायची अटही गेली.

अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला ‘पुढे अपघात झालाय, डावी लेन सोड’ असं फुकट सांगायची ही सार्वजनिक जागा आहे. तिथे खात्यात नाव नोंदवावं लागत नाही, महिन्याचं बिल येत नाही. म्हणून तिच्यात नीट सहभागी होता यावं, एवढी तोशीस गाडीवाल्याने घ्यायलाच हवी.

अँटेनाचं महत्त्व मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं एक जण गच्चीवर, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर अशी साखळी लावून ‘आलं का?’, ‘आलं होतं, गेलं!’ असा संवाद घरोघरी रंगला. चित्रात मुंग्या आल्या म्हणून कुणी नवा टीव्ही आणायला धावलं नाही. आधी अँटेना फिरवली. तेच शहाणपण पिकअपच्या टपावर लागू पडतं.

सीबीची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. चांगल्या अँटेनाला तिच्या पाव लांबीची, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपासची काठी लागते. १०२ इंची पोलादी छडी आणि तिच्या बुडाशी स्प्रिंग, ही जुनी जोडी त्या मापातूनच आली. पण दिसणारी काठी ही अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या खाली पसरलेला गाडीचा पत्रा. काठी आणि पत्रा मिळून लहर बाहेर फेकतात, आणि पत्रा जिकडे जास्त पसरलेला असेल तिकडे आवाज अधिक जोमाने जातो. टपाच्या मधोमध काठी उभी केली की चारही बाजूंना पत्रा सारखा मिळतो. हे काम ॲल्युमिनियमही पोलादाइतकंच चोख करतं. त्याला फक्त चुंबक चिकटत नाही.

मग १०२ इंची छडीच टपावर का उभारू नये? कारण पिकअपचं टप जमिनीपासून जवळजवळ दोन मीटरवर असतं. त्यावर ही छडी म्हणजे टोक साडेचार मीटरवर. गॅरेजचं दार, पेट्रोल पंपाचं छत, झाडाच्या फांद्या, सगळीकडे ती आपटणार. म्हणून टपावर मीटर-दीड मीटरची आखूड अँटेना बसवतात. उरलेली लांबी बुडाशी किंवा मध्ये तारेची गुंडाळी देऊन भरून काढतात. आखूड केल्याने थोडा जोर जातो. पण उंच आणि मधली जागा मिळाल्याने तो बऱ्याच अंशी भरून निघतो.

लांब छडीचा हट्ट असणारे ती हौद्याच्या कडेला किंवा मागच्या बंपरवर लावतात. दिसते रुबाबदार. पण तिचा खालचा भाग केबिनच्या मागच्या भिंतीआड जातो आणि गाडीचा पत्रा एकाच बाजूला उरतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात लावलेली अँटेना पुढे उजवीकडे उत्तम बोलते, आणि मागून डावीकडून येणारा ट्रक तिला धड ऐकू येत नाही. दोन्ही बाजूंना दोन काठ्या लावायची हौस तर पिकअपवर निव्वळ शोभेची आहे. दोन अँटेनांचा एकमेकींना खरा उपयोग व्हायचा तर त्यांच्यात पाव लहरीचं, म्हणजे नऊ फुटांच्या आसपास अंतर हवं. पिकअपची बॉडी जेमतेम दोन मीटर रुंद. तेच पैसे एका चांगल्या बैठकीवर आणि केबलवर घातलेले बरे.

हौद्यावरच लावायची वेळ आली, तर आणखी एक अडचण पुढे येते आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. पिकअपची बॉडी एकसंध नसते. केबिन चासीवर रबरी गाद्यांवर बसलेली, हौदा वेगळा बोल्टने आवळलेला, आणि सगळ्या सांध्यांमध्ये रंगाचा थर. डोळ्यांना ती एक गाडी दिसते. रेडिओलहरीला मात्र ते सुटे सुटे तुकडे वाटतात. हौद्याची कड रंगवलेलीच ठेवून त्यावर बैठक कसली तर अर्धी अँटेना जोडलेलीच नाही असं होतं. बैठकीखालचा रंग धातू उघडा पडेपर्यंत घासावा लागतो, दातेरी वॉशर घालावा लागतो, आणि हौदा ते चासी, चासी ते केबिन अशा विणलेल्या तांब्याच्या रुंद पट्ट्या जोडाव्या लागतात. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे हे सांधे गंजतात, म्हणून वर्षातून एकदा तरी उघडून पाहायला हवेत. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण अशा पट्टीचा नफा किरकोळ असतो.

जोडणी तपासायला एसडब्ल्यूआर मीटर लागतो. रेडिओकडून गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते, हे तो दाखवतो. काटा १.५च्या खाली असेल तर उत्तम, २पर्यंत चालतं. ३ म्हणजे पाव शक्ती उलटी येते आहे. तेव्हा बोलणं थांबवून दोष शोधावा, नाहीतर रेडिओ जळू शकतो. गाडी मोकळ्या जागी उभी करून, दारं लावून चॅनेल १वर आणि चॅनेल ४०वर मोजायचं. ४०वर आकडा जास्त आला तर काठी लांब आहे, १वर जास्त आला तर आखूड. दोन्हीकडे ३च्या वर असेल तर काठी कापत बसू नये. दोष अर्थिंगमध्ये आहे किंवा केबल कुठेतरी चेपली आहे, बहुधा दाराच्या फटीतच.

मात्र मीटरच्या चांगल्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा साधा रोधक लावला तरी काटा झकास १ दाखवतो, आणि त्यातून आवाज कोपऱ्यापलीकडेही जात नाही. मीटर जोडणीचं माप देतो; आवाज किती लांब जाईल ते जागेवर ठरतं.

जागेवर कष्ट न घेता शक्ती वाढवण्याचा चोरटा मार्ग अनेकांना भुरळ घालतो. नियमाने सीबीला साध्या एएम पद्धतीत ४ वॉटची मर्यादा आहे. जादा शक्तीचं ॲम्प्लिफायर जोडणं बेकायदा आहे, तरी ते जोडणारे आहेत. त्यांचं गणितही चुकतं. ऐकणाऱ्याच्या मीटरवर काटा एक खूण वर सरकायला चौपट शक्ती लागते, म्हणजे ४ वॉटचे १६ करावे लागतात. टपाच्या मध्याऐवजी बंपरच्या कोपऱ्यात लावलेली अँटेना नको त्या दिशेला तेवढं सहज घालवते. शिवाय ओरडायची ताकद वाढली म्हणून कान तीक्ष्ण होत नाहीत. हा माणूस सगळ्यांना ऐकू जातो, त्याला कुणी ऐकू येत नाही, आणि त्याच्या गोंगाटाखाली शेजारच्या लेनमधला साधा इशारा बुडतो. सार्वजनिक जागेत असं वागणं शिक्षेला पात्रच असायला हवं.

टपाला भोक पाडण्याची भीती समजण्यासारखी आहे. नव्या कोऱ्या गाडीवर ड्रिल टेकवताना कुणाचाही हात थबकेल. पण पोलिसांच्या आणि सरकारी गाड्यांवर हे काम कित्येक दशकं चाललं आहे. एनएमओ नावाच्या बैठकीला पाऊण इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटरचं भोक लागतं. रबरी कडं बसवलं की पाऊस आत येत नाही, आणि गाडी विकताना अँटेना काढून त्यावर टोपी लावता येते. खरी काळजी वेगळी आहे. आतल्या छताच्या कडेने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. त्यांच्यावरून केबल नेऊ नये. अनेक पिकअपमध्ये इंधनाची टाकी हौद्याखाली असते. तिथे खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय ड्रिल चालवू नये. वीजही लायटरच्या खोबणीतून न घेता फ्यूज लावून बॅटरीकडून घ्यावी, म्हणजे गाडीच्या विजेचा खरखराट कमी होतो.

यात गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचाही वाटा आहे. मोठ्या पिकअपना त्या जादा दिवे, विंच वगैरे जोडण्यासाठी स्विचची पट्टी देतात. तेवढ्याच आस्थेने टपाच्या मधोमध एक झाकलेली बैठक आणि तिथून डॅशबोर्डपर्यंत केबलची वाट कारखान्यातच का सोडू नये? शेतावर, जंगलात, खाणीत राबण्यासाठी म्हणून जी गाडी विकली जाते, तिच्या मालकाला टप उचकटायला लावणं बरोबर नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन चक्रीवादळाने उत्तर कॅरोलिनाच्या डोंगराळ पश्चिम भागाची दैना केली. मोबाइलचे मनोरे बंद पडले, रस्ते वाहून गेले. तेव्हा माउंट मिचेल शिखरावरच्या हौशी रेडिओच्या पुनर्प्रक्षेपकावरून कोण कुठे अडकलंय, कुणाला औषध हवंय, याचे निरोप दिवसरात्र गेले. सीबीला डोंगरावर असा मदतनीस नसतो. गाडीतून गाडीत, काही मैलांपुरता, जे काही पोहोचेल ते टपावरच्या काठीच्या जोरावर. संकटासाठी राखलेलं चॅनेल ९ सीबीवर आहे. १९६२पासून ‘रिॲक्ट’ ही स्वयंसेवकांची संघटना संकटातले सीबी निरोप ऐकण्याचं काम करत आली आहे. पण स्वयंसेवकाने कान लावून बसावं आणि मदत मागणाऱ्याच्या अँटेनाची केबल दाराच्या फटीत चेपलेली असावी, हे वाईट.

भारतातही २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटपर्यंतच्या उपकरणांना परवान्यातून मोकळा आहे. चॅनेल १९ची २७.१८५ मेगाहर्ट्झ ही वारंवारिता त्यातच बसते. तरी आपल्या घाटांत अजून डिपर, हॉर्न आणि खिडकीबाहेर काढलेला हात यांवरच भागतं.

भोक पाडून झालं, काठी बसली, मीटर समाधानकारक बोलला, की एक शेवटची परीक्षा उरते. पाच-सात मैलांवर एका मित्राला रेडिओ लावून बसवायचं आणि मोकळ्या मैदानात पिकअपचं तोंड आधी त्याच्याकडे, मग उजवीकडे, मग उलट दिशेला, मग डावीकडे करत दर वेळी एकच वाक्य बोलायचं. चारही वेळा त्याच्या मीटरचा काटा त्याच खुणेवर थांबला, तर भोक योग्य जागी पडलं.