बी घरचं धरा

तुळिंजच्या इमारतींत अंगण नाही, पण खिडकीची जाळी आहे. पाच-सहा तास ऊन मिळालं, तर टोमॅटोला तेवढी जागा पुरते. म्हणून या अंकात बी धरता येणाऱ्या टोमॅटोंची तुलना केली आहे.

‘ब्रँडीवाइन’, ‘चेरोकी पर्पल’ हे जुने अमेरिकी वाण चवीला अप्रतिम आहेत. मात्र त्यांना फळ उशिरा येतं आणि रात्री उकडू लागलं की फुलं गळतात. आपल्या वसई-विरारच्या दमट हवेत मी ते कुणाला सुचवणार नाही. ‘पुसा रुबी’ लवकर येते, रसाळ असते, सारासाठी उत्तम. मातीत जिवाणूजन्य मर असेल तर ‘अर्का आभा’ लावा. दोन्ही संकरित नाहीत, त्यामुळे घरच्या बियाण्यातून तोच वाण पुन्हा उगवतो. हीच त्यांची खरी किंमत.

असंच घरचं बी जपत अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पिकल्या फळाचा गर दोन-तीन दिवस आंबवा, बी धुऊन सावलीत वाळवा. दसऱ्याच्या सुमारास पेरा आणि उरलेलं शेजारी द्या.