दाब ओळखणारा धागा, न दुखणारे पाऊल

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. यांपैकी अनेक रुग्णांच्या पायांची संवेदना कालांतराने बोथट होते. चपलेत शिरलेला खडा किंवा तळव्याच्या एकाच भागावर सतत पडणारा भार त्यांना जाणवत नाही. तेथे जखम होते, ती चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. विद्युतवाहक धाग्यांनी विणलेल्या दाबसंवेदक मोज्यांचे महत्त्व आहे ते यामुळेच.

या मोज्यामागील तत्त्व सोपे आहे. चांदीचा मुलामा दिलेले नायलॉन किंवा पोलादाचे बारीक तंतू वीज वाहून नेतात. असे दोन धागे एकमेकांना छेदतात तेथे, दाबानुसार विद्युतरोध बदलणारा थर मध्ये ठेवला, की त्या बिंदूवरचा भार मोजता येतो. अशा असंख्य बिंदूंमधून तळव्याचा नकाशाच तयार होतो. अमेरिकेतील 'एमआयटी'च्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाब ओळखणारे मोजे, हातमोजे आणि बंडी विणकाम यंत्रावर तयार करून दाखविली.

विणण्याचा प्रश्न असा बराचसा सुटला असला, तरी टिकण्याचा सुटलेला नाही. घाम, ताण आणि धुलाईने मुलामा झिजतो. दाब हटल्यावर वीण पूर्ववत होण्यास वेळ लागतो. त्यामुळे सारख्याच दाबाची नोंद दर वेळी सारखी येत नाही. गुगल आणि लिव्हाइस यांचे २०१७ मधील ३५० डॉलरचे स्पर्शसंवेदी जाकीट सुमारे १० धुण्यांपुरते टिकेल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. जाकिटाच्या बाबतीत ही गैरसोय म्हणता येईल. रोज धुवाव्या लागणाऱ्या रुग्णाच्या मोज्यात मात्र चुकीची नोंद खोटा दिलासा देऊ शकते.

त्याहून अवघड प्रश्न आहे तो इशारा मानण्याचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे बधिर अवयवांसाठी दाबमापकांचा प्रयोग केला होता. त्या यंत्रणा नाजूक होत्याच. शिवाय रुग्ण इशाऱ्याकडे दुर्लक्ष करीत, प्रसंगी यंत्रणाच बंद करीत. वेदना मनात येईल तेव्हा बंद करता येत नाही, म्हणूनच ती शरीराचे रक्षण करते, हा धडा त्यातून मिळाला.

केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. वैद्यकीय वस्त्रेही याच क्षेत्रात मोडतात. अशा मोज्यांची पारख करताना प्रयोगशाळेतील अचूकतेबरोबरच ते किती धुण्यांनंतर खरे सांगतात आणि इशारा मिळताच रुग्णाला कोण थांबवते, हेही पाहावे लागेल. १० ग्रॅम दाबाच्या साध्या नायलॉन तंतूने पायाची संवेदना तपासण्याची पद्धत आजही उपलब्ध आहे आणि तिला काही मिनिटेच लागतात. ही तपासणी नियमित होत नसेल, तर धोका असलेला रुग्णच ओळखला जाणार नाही. मग महागडा मोजा चढवायचा कोणाच्या पायात?