संग्रह कीं साठा?

दोन महायुद्धांत जर्मन सैन्यानें वापरलेल्या दुर्बिणी आणि त्यांच्या पेट्या जमविण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत आतां जुना झाला आहे, आणि आपल्याकडील कांहीं सुशिक्षित घरांसहि त्याची गोडी लागली आहे. छंद म्हणून त्यास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. नाणीं, तिकिटें वा पोथ्या जमविणाऱ्यांस जो मान आपण देतों तो या मंडळींसहि मिळावा. परंतु हा छंद ज्या रीतीनें चालतो ती रीत आम्हांस सर्वस्वीं चुकीची वाटते. त्या रीतीमुळें आपल्याच लोकांच्या इतिहासाचा एक बारीकसा, पण एकदां तुटला कीं पुन्हा न सांधणारा धागा तुटत आहे. म्हणून याविषयीं स्पष्ट बोलणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम वस्तूविषयीं. लोलकांच्या दुर्बिणीची कल्पना इग्नात्सिओ पोरो या इटालियन गृहस्थानें १८५४ मध्येंच मांडली होती; परंतु तिला लागणारी निर्दोष कांच तेव्हां कोणास करतां येत नव्हती. ओटो शॉट यानें १८८४ मध्यें येना येथें कांचेचा कारखाना काढला, एर्न्स्ट आबे या शास्त्रज्ञानें गणिताची बाजू सांभाळली, आणि १८९४ मध्यें त्याच गांवच्या कार्ल झाइस कारखान्यानें ही दुर्बीण बाजारांत आणली. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्याची नेहमींची दुर्बीण म्हणजे ‘६ × ३०’, अर्थात् सहापट मोठें दाखविणारी व पुढील भिंगाचा व्यास ३० मिलिमीटर असलेली. पुष्कळ दुर्बिणींच्या एका नळींत बारीक रेघांचें माप कोरलेलें असे. वर्तुळाचे ६४०० भाग कल्पिले तर त्यांतील एक भाग हजार मीटरांवर सुमारें एक मीटर व्यापतो. म्हणून ज्याची उंची ठाऊक आहे असा मनुष्य त्या रेघांत बसवून पाहिला कीं तो किती दूर आहे हें अधिकाऱ्यास तत्काळ काढतां येई. पेट्या आरंभीं चामड्याच्या होत्या, पुढें बहुधा काळ्या बेकेलाइटच्या झाल्या. युद्ध पेटल्यावर कारखान्याचें नांव जाऊन त्या जागीं तीन अक्षरांची खूण येऊं लागली. ‘बीएलसी’ म्हणजे झाइस, ‘सीएजी’ म्हणजे ऑस्ट्रियांतील स्वारोव्स्की, ‘बीईएच’ म्हणजे वेत्स्लार येथील लाइट्स.

एवढें सारें आपल्या संग्राहकास तोंडपाठ असतें, आणि नेमकें येथेंच त्याचें ज्ञान संपतें. खूण कोणती, गरुडाचा शिक्का आहे कीं नाहीं, पेटी ‘मूळची’ आहे कीं नाहीं, हे त्याचे तीन प्रश्न. ही दुर्बीण या घरीं कशी आली, हा चौथा प्रश्न तो विचारीत नाहीं. व्यापाऱ्यास तर हा प्रश्न नकोच असतो. त्याच्या दृष्टीनें पेटीच्या झांकणावर कोणी खिळ्यानें कोरलेलें देवनागरी नांव म्हणजे डाग. तो डाग घासून काढावयाचा, वर काळा रंग चढवावयाचा, पेटी फाटकी असेल तर दुसऱ्या दुर्बिणीची धड पेटी तिला जोडावयाची, आणि शिक्का नसेल तर तोहि नवा उठवावयाचा. या युक्त्या त्या बाजारांत नव्या नाहींत. एवढें झाल्यावर जी वस्तु कपाटांत जाऊन बसते ती दिसावयास सुंदर असते खरी, परंतु ती मुकी झालेली असते.

आतां या जर्मन दुर्बिणी आपल्याकडे आल्या कशा, तें पाहूं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी उत्तर आफ्रिकेंत व त्यानंतर इटलींत जर्मनांशीं लढल्या. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे यांनीं, बरोबरचे सारे पडले असतां, शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्यानें धांव घेतली, तें ठाणें मारलें आणि तेथेंच देह ठेविला. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीच्या कांठीं शिपाई नामदेव जाधव यांनीं आपल्या जखमी सोबत्यांस गोळ्यांच्या वर्षावांतून बाहेर काढलें व मग माघारीं जाऊन मशीनगनचीं ठाणीं बंद पाडलीं. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीची ही लढाई डोंगरांची होती. बचाव करणारा जर्मन वर बसलेला, चढून जाणारा आपला शिपाई खालीं. हीं दुर्बिणीचीं भिंगें ज्यांवर रोखलेलीं होतीं, त्या ६४०० भागांच्या रेघांत ज्यांस बसवून तोफेचें अंतर काढलें जात होतें, तीं माणसें सातारा-रत्नागिरीकडचीं होतीं. अशा लढाईवरून परतलेल्या कोणा शिपायानें एखादी दुर्बीण सामानांतून घरीं आणली असेल, तर तिचें मोल ‘बीएलसी’ या तीन अक्षरांत कीं ज्या डोळ्यांसमोर ती धरली गेली आणि ज्या हातांनीं ती हिसकून घेतली त्यांच्या कहाणींत? उत्तर देण्यास फार विचार नको.

कोणी म्हणेल, हें सारें ओघानेंच आलें. वस्तु पाहतांच जाणत्यास तिचा इतिहास उमगतो. यावर आमच्या मुदखेडचेंच उदाहरण घ्या. समजा, येथील एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर उद्यां जर्मन दुर्बीण सांपडली. ती आली कोठून? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या राज्यांत होतें. पहिल्या महायुद्धांत हैद्राबादचें घोडदळ सुवेझ व पॅलेस्टाइन येथें तुर्कांविरुद्ध उभें होतें. १९१८ मध्यें तेथील तुर्की फौजांचें सेनापतित्व लीमान फॉन झांडर्स या जर्मन सेनानीकडे होतें, आणि दिल्लीच्या तीन मूर्तींपैकीं एक मूर्ति याच हैद्राबादी घोडेस्वारांची आहे. तेव्हां दुर्बीण त्या वाटेनें आलेली असूं शकेल. दुसऱ्या महायुद्धांत हैद्राबादचें पायदळ मलायांत होतें. परंतु तेथें समोर जपानी होते, म्हणून ती वाट बहुधा बंद. इटलीहून परतलेल्या कोणा मराठा शिपायाची मुलगी या गांवीं दिली असेल, हीहि एक वाट. किंवा पन्नास वर्षांमागें मुंबईच्या चोरबाजारांतून कोणी ती हौसेनें विकत आणली असेल, ही सर्वांत साधी वाट. मुदखेड हें जंक्शन आहे. मनमाडहून हैद्राबादकडे जाणाऱ्या मार्गास आदिलाबादचा फांटा येथें फुटतो. फलाटावर उभा असलेला मालाचा डबा नुसता निरखून तो कोणत्या मार्गानें आला हें स्टेशनमास्तरहि सांगूं शकत नाहीं. त्यास डब्याबरोबरचा कागद पाहावा लागतो. दुर्बिणीचेंहि तसेंच आहे. चार वाटांचे चार इतिहास, आणि कांच चौघींचीहि सारखीच स्वच्छ! त्यांतील खरा कोणता हें सांगणारी साक्ष दोनच ठिकाणीं असते, पेटीच्या अस्तरांत आणि घरांतील म्हाताऱ्या माणसाच्या तोंडीं. व्यापारी पहिली पुसून टाकतो, आणि संग्राहक दुसरी ऐकण्यास थांबत नाहीं.

यावर जे आक्षेप येतात ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा, कीं “जर्मन माल तो जर्मन माल, आम्ही कारागिरीचे भक्त, तुमच्या कुळकथांशीं आम्हांस काय करावयाचें?” बरें तर, कारागिरीचीच कुळकथा ऐका. ‘बीईएच’ ही खूण ज्या लाइट्सची, त्याच्या मालकानें नाझी राजवटींत आपल्या कित्येक ज्यू नोकरांस परदेशीं धाडून त्यांचे प्राण वांचविले. त्याची कन्या एल्सी हिला, एका ज्यू बाईस पळून जाण्यास साह्य केल्यावरून, १९४३ मध्यें गेस्टापोनें कैदेंत टाकलें. आणि त्याच कारखान्यांत युक्रेनमधून धरून आणलेल्या स्त्रियांकडून वेठीनें काम घेतलें जात होतें. उदारता आणि वेठबिगार दोन्हीं एकाच तीन अक्षरांखालीं झांकलेलीं आहेत. कारागिरीचा जो भक्त इतकेंहि जाणूं इच्छीत नाहीं तो कारागिरीचा भक्त नव्हे, शिक्क्याचा भक्त होय. आणि तो शिक्का गरुडाचा व स्वस्तिकाचा असतां त्याच्या भक्तीविषयीं आपल्या घरांतील मुलांस काय सांगावयाचें, हा प्रश्न ज्याचा त्यानें आपल्या मनाशीं सोडवावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. “घरच्या लोकांस पर्वा नसते, आम्ही घेतली नाहीं तर ती भंगारांत जाईल. आम्ही निदान वांचवितों तरी.” खरें आहे, आणि त्याचें श्रेय आम्ही देतों. परंतु वांचविणें म्हणजे काय? पुण्यास कै. दिनकर केळकर यांनीं आयुष्य वेंचून दिवे, अडकित्ते, भांडीं, वाद्यें जमविलीं आणि तो सारा संग्रह दिवंगत पुत्राच्या नांवें समाजास अर्पण केला. त्यांतील अडकित्ता पाहून आपण थबकतों तो पितळेच्या वजनामुळें नव्हे; कोण्या घरच्या पानदानांत तो होता आणि कोणत्या हातानें सुपारी कातरली, हें तो आठवावयास लावतो म्हणून. जेथें वस्तूबरोबर माणूस येतो तेथें संग्रह होतो. जेथें माणूस दाराबाहेर ठेवून वस्तु तेवढी आंत घेतली जाते तेथें केवळ साठा होतो, मग तो कितीहि मोलाचा असो.

आणि हें करणें कांहीं अवघड आहे असेंहि नाहीं. पहिल्या महायुद्धांत जर्मनीचा माल बंद पडून अमेरिकेच्या आरमारास दुर्बिणींची टंचाई भासली. तेव्हां आरमार खात्याचे उपसचिव फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं नागरिकांस घरच्या दुर्बिणी उसन्या देण्याचें आवाहन केलें. हजारों दुर्बिणी आल्या. प्रत्येक दुर्बिणीवर धन्याचें नांव व पत्ता लावावा असें सांगण्यांत आलें होतें. प्रत्येकास एक डॉलर भाडें ठरलें, आणि युद्धानंतर शक्य तेवढ्या ज्याच्या त्यास परत गेल्या. ऐन युद्धाच्या धुमाळींत एका सरकारी खात्यास जें नांव सांभाळावेंसें वाटलें, तें शांततेच्या काळीं, पंख्याखालीं बसून, आमच्या हौशी मंडळींस सांभाळवत नाहीं काय?

कायद्याकडे डोळे लावून बसण्यांत अर्थ नाहीं. पुराणवस्तूंविषयींचा १९७२ चा कायदा सामान्यतः शंभर वर्षांची अट घालतो; दुसऱ्या महायुद्धांतील वस्तु तिच्यांत अद्याप बसत नाहींत, आणि बसूं लागतील तोंवर सांगणारे उरणार नाहींत. तेव्हां करावयाचें तें घरोघरींच केलें पाहिजे. ज्याच्या घरीं अशी दुर्बीण असेल त्यानें आजच एक कागद घ्यावा. ती कोणी आणली, तो कोणत्या गांवचा, कोणत्या पलटणींत होता, काय सांगत असे, आणि हें कोणीं केव्हां लिहिलें, एवढें त्यावर मांडावें. ठाऊक नसेल तेथें जागा कोरी सोडावी, दंतकथेनें भरूं नये. पेटीवरील नांव घासूं नये, रंग चढवूं नये. चामडें ओल धरतें व तिच्यामुळें भिंगांवर बुरशी चढते, म्हणून पावसाळ्यांत दुर्बीण पेटीबाहेर कोरड्या जागीं ठेवावी; परंतु दोघींची फारकत करूं नये. आणि विकावयाचीच झाली तर कागदासह विकावी. जो संग्राहक कागद नाकारून दुर्बीण तेवढी मागेल त्यास रिकाम्या हातानें परत पाठवावें. असें दहा घरांनीं केलें तर त्या बाजारास चौथा प्रश्न विचारावयास आपोआप शिकावें लागेल.