तापमान म्हणजे उष्णता नव्हे

वैशाखात कलबुर्गीचा पारा चाळीस अंशांपुढे चढला की, 'आज उष्णता फार आहे' असे आपण सहज म्हणतो. बोलण्यात ते चालते. विज्ञानाच्या वहीत मात्र चालत नाही. तापमान आणि उष्णता या भिन्न गोष्टी होत. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी हा भेद प्रयोगांनी दाखवला. तो न उमगता 'विशिष्ट उष्णते'ची व्याख्या घोकणे म्हणजे शब्दांचे ओझे वाहणे होय.

बीदरची बिदरी भांडी मुख्यत्वे जस्ताची असतात. त्यात थोडे तांबे असते. १०० ग्रॅम जस्त १०० अंशांपर्यंत तापवून ३० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकले, तर दोहोंचे तापमान ६५ अंश होईल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते सुमारे ३६ अंशच होते! कारण एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवण्यास १ कॅलरी लागते, जस्ताला अवघी ०.०९३. ही झाली विशिष्ट उष्णता. वस्तुमान दुप्पट केले की उष्णता दुप्पट लागते. संपूर्ण वस्तूची ती उष्णताधारकता.

सूत्र पाठ करून परीक्षेत गुण मिळतील, ज्ञान मिळणार नाही. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, गुरुजींच्या देखरेखीखाली हा प्रयोग स्वतः करा आणि निष्कर्ष आपल्या मराठीत लिहा. मातृभाषेत समजलेले उद्या कन्नडात वा इंग्रजीत सांगता येईल. न समजलेले मात्र कोणत्याच भाषेत सांगता येत नाही.